चोपन्न भिंती

११ मार्च, मंगळवार

ही वही दोधूअण्णांनी जानेवारीच्या शेवटी हातात दिली, तेव्हाच लिहायला सुरुवात करायची होती. आज केली. मधल्या दिवसांत मागच्या पानावर एक बैल, दोन बदकं आणि नवापूर स्टेशनचं घड्याळ काढून झालं, अक्षर मात्र एक नाही. अण्णा कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितात. ते म्हणाले होते, काय काय झालं ते तारखेनिशी लिहीत जा, पुढे कोर्टात कामाला येईल. आज त्यांनी वही मागितली. मी बैल दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बैल झकास शे. पन हाऊ कोर्टमा साक्ष देवाव नही."

तर मागचं सगळं एकदम लिहून टाकतो.

मी तौहिद, राहणार नंदुरबार, धंदा पेंटर. भिंतीवरच्या जाहिराती रंगवतो. त्याआधी मोबाइलची कव्हरं विकली, कोंबड्यांच्या ट्रकवर क्लीनर होतो, धरणाच्या सरोवरात चालणाऱ्या बोटीवर दीड महिना काढला. अम्मी म्हणते याच्या पायाला भिंगरी आहे. नोव्हेंबरात नवापूर स्टेशनच्या बाकावर नवनीतभाई भेटला. सुरतच्या एका पाइप कंपनीचा माणूस. ठिबकच्या पाइपांची जाहिरात, एका भिंतीचे नऊशे, रंग माझा, भिंत मीच शोधायची. घरवाल्याला पैसे द्यायचे नाहीत, त्याच्या बाकीच्या घराला चुना मारून द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. कागद झाला नाही. चहा झाला. सात आठवड्यांत मी चोपन्न भिंती केल्या. फोटो कंपनीच्या ॲपवर चढवले. पैसे पंधरा दिवसांत येणार होते.

आयुष्यात पहिल्यांदा हातातलं काम मी शेवटपर्यंत नेलं. हे कोर्टात कामाला येणार नाही, तरी लिहून ठेवतो.

रंग वाहिदचाचांच्या दुकानातून उधार घेतला. एकवीस हजारांचा. चाचा मला उधार देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. माझा मोठा भाऊ अकील ग्रिल आणि दरवाजे वेल्डिंग करतो. तो माझ्यासोबत दुकानात आला आणि म्हणाला, "चाचा, इसका नाम मत लिखो. मेरा लिखो." म्हणजे पैसे आले नाहीत तर माझं काही जात नाही. भाईचा शब्द जातो.

नवनीतभाईला आजही फोन केला. "थई जशे, भाई, थई जशे." फेब्रुवारीत ह्या "होऊन जाईल"च्या मागे "सोमवारे" असायचं. आता सोमवार गळून पडलाय.

१५ मार्च

तीन दिवस लिहिलं नाही. काठी गावची होळी बघायला गेलो होतो. जायचं होतं खरं तर शहाद्याला, तिथल्या एका भिंतीचा फोटो पुन्हा काढायला. पण एसटीत मोलगीकडची चार पोरं भेटली, त्यांच्या कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप. मी उतरलोच नाही. पहाटे होळी पेटली तेव्हा माझ्याकडे सहेरीला दोन केळी होती. ती खाल्ली, रोजा धरला आणि ढोलाजवळ बसलो. असं काही बघितलं की पैसे, पाइप, सगळं खोटं वाटतं.

घरी आलो तर अलमासभाभीनं विचारलं, शहाद्याचं काम झालं का. मी हो म्हणालो. ती पीठ मळत राहिली.

१७ मार्च, सोमवार

आज चौकीवर गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पंखासुद्धा माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, यात चोरी नाही, मारामारी नाही, हे दिवाणी प्रकरण. आणि माणूस सुरतचा, तर सुरतला विचार. सौदा कुठे ठरला? मी सांगितलं, नवापूर स्टेशनात, बाकावर. तिथे फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, बाकसुद्धा तसाच, मधून रेघ. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तू कोणत्या बाजूला बसला होता?"

मी खरं ते सांगितलं. आधी मी महाराष्ट्रात होतो आणि नवनीतभाई गुजरातेत. पण त्याच्या तोंडावर ऊन यायला लागलं म्हणून आम्ही जागा बदलल्या. बोली ठरली तेव्हा गुजरातेत मी होतो. सगळी चौकी हसली. मीपण हसलो. बाहेर आल्यावर हसू गेलं.

२० मार्च, गुरुवार

सुरतला जाऊन आलो. नवनीतभाईचा फोन परवापासून बंद आहे.

उधन्याला उतरलो. पाइपावर छापलेला पत्ता पाठ होता, चोपन्न वेळा मीच रंगवलाय. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, शटर खाली, शटरवर धूळ. खाली वॉचमन होता, भिला नावाचा, मूळचा आपल्या शिंदखेड्याकडचा. मी गुजराती बोलायला लागलो तर म्हणाला, राहू दे भाऊ, तुझं तोंडच सांगतं कुठला ते. मग त्यानं मला आपल्या खुर्चीवर बसवलं, आणि मला तिथेच कळलं. कोणी उगाच खुर्ची देत नाही.

"तू बारावा शे," तो म्हणाला.

बारावा म्हणजे पैसे मागायला आलेला. आधी टेम्पोवाले, छापखान्याचा माणूस, बडोद्याचा एक व्हिडिओवाला, असे अकरा होऊन गेले. शेठचे दोघं मुलगे वेगळे झाले, भांडणात कंपनीला कुलूप लागलं. नवनीतभाईला स्वतःला चार महिन्यांचा पगार मिळालेला नाही, तो राजकोटला का कुठे निघून गेला. म्हातारा शेठ सौराष्ट्रातल्या आपल्या गावी जाऊन बसलाय, कोणाशी बोलत नाही म्हणे. मी गावाचं नाव विचारलं. भिलानं सांगितलं, वर म्हणाला, पत्र टाकशील तर तिकिटाचे पैसे गेले समज.

परत निघालो तर वाटेत एका इमारतीवर दोरीला लटकून दोन माणसं साडीच्या जाहिरातीतली बाई रंगवत होती. चार मजली बाई. एकाकडे नाक, दुसऱ्याकडे कान. जवळून त्यांना काही दिसत नसणार, तरी दोन्ही डोळे एका ओळीत येत होते. ते बघण्यात गाडी चुकली. पुढच्या गाडीत इफ्तारला समोरच्या जैन आजींनी खाकरा दिला.

नंदुरबारला उतरल्यावर तासभर फलाटावरच बसलो. भाईला काय सांगायचं ते जुळवत होतो. मग सांगितलं, शेठ गावाला गेलेत, आले की देतील. भाई म्हणाला, अच्छा.

२६ मार्च

अण्णांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन पत्रं लिहिली, एक ऑफिसला, एक म्हाताऱ्याच्या गावी. दोन्हींना चोपन्न घरवाल्यांची नावं गावांसकट जोडली. ती यादी मी लिहिली, तेवढं अक्षर माझं चांगलं आहे. रजिस्टर केली.

मग अण्णांनी ॲप उघडायला लावलं. ॲप उघडलंच नाही. फोटो माझ्याकडेही नव्हते, ॲपमधूनच काढायचे आणि तिथेच जमा व्हायचे. अण्णा म्हणाले, "भो, कागद नही, फोटो नही. आते त्या भिताच तुन्हा कागद शेतस. सांभाळ." प्रत्येक गावात जायचं, ग्रामसेवकाकडून भिंत बघितल्याची सही घ्यायची, हे काम आधी कर असं त्यांनी दोनदा सांगितलं. उद्यापासून निघतो.

५ एप्रिल

ईद झाली. त्या गडबडीत सह्या राहिल्या.

एक चांगली गोष्ट घडली. वाहिदचाचांच्या दुकानावरून मी आजवर मागच्या गल्लीनं जायचो. काल समोरासमोर सापडलो. त्यांनी पैशाचं नावसुद्धा काढलं नाही, उलट चहा पाजला. रमजाननं माणसाचं मन किती मऊ होतं.

भाईची मोटरसायकल गॅरेजला आहे, इंजिनाचं काम निघालंय. ईदच्या आधीपासून तो कारखान्यात पायी जातो, तीन किलोमीटर. मी म्हणालो, मेकॅनिकला मी बघतो, तीन-तीन आठवडे गाडी ठेवतात म्हणजे काय. भाई म्हणाला, तू नको पडू त्यात, चालणं तब्येतीला चांगलं. भाभी मधेच उठून आत गेली. हल्ली ती माझ्याशी कमी बोलते. उन्हाळ्यानं असेल.

१३ एप्रिल, रविवार

सह्या घ्यायला धानोऱ्याला गेलो. यादीतली पहिली भिंत तिथलीच, गजराबाईंची. गावात शिरल्याबरोबर दिसणारी, मोठी, पूर्वेकडे तोंड. माझं सगळ्यात सुंदर काम. गजराबाई ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

त्यांच्या मुलीचं, रुपाचं लग्न आहे, वीस तारखेला. आमच्या भागात लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती काढतात, नवरा-नवरीचं नाव, दोन्हीकडे मोर, केळीचे खांब. ते नसलं तर लग्न असल्यासारखं वाटत नाही. आणि त्यांच्या भिंतीवर माझा निळा पाइप, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मन्ही अंडेरनं लगीन शे आणि दारवर पाइप शे," त्या म्हणाल्या. "वऱ्हाडले काय सांगू, गणपतीबाप्पा पाइपमाईन येई ऱ्हायना?"

मी त्यांना समजावलं, भिंत तशीच ठेवावी लागते, कंपनीचा माणूस बघायला येणार. "कोन?" "येणार आहे." "कवय?" तारीख विचारली तसा मी यादी चाळायला लागलो. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, तू म्हणशील तसं बापा, तुला शब्द दिलाय, तुझी पोटापाण्याची गोष्ट. मागे रुपा उभी होती, हळद कुटायचं मुसळ हातात, माझ्याकडे न बघता.

ग्रामसेवक रजेवर होते. सही झाली नाही.

१४ एप्रिल

पहाटेच धानोऱ्याला परत गेलो. सरळ रेघा आखायची निळीची दोरी, चुना, पिवळा, हिरवा, थोडा लाल. चुन्याचे दोन हात मारले. गजराबाई मागे उभं राहून सांगत होत्या, "सोंड डावा आंगे काढजो, हा." मला माहीत होतं. डावीकडे सोंड, समोर उंदीर, खाली लाडू. शिडीवरून उतरून लांबून बघितलं तेव्हा छातीत काहीतरी सरळ झालं. चि. सौ. कां. रुपा आणि चि. नवल. "सौ. कां."चे टिंब मी कुंकवाएवढं दिलं.

जेवायला पुरणपोळी आणि खापरावरचे मांडे. पाचशे रुपये दिले, मी नको म्हणालो, खिशात कोंबले.

घरी येताना विचार केला आणि बरं वाटलं. जाहिरात गेलीय कुठे? चुन्याखाली आहेच ना. कोणी बघायला आलाच तर खरवडून दाखवता येईल. उलट उन्हापासून वाचली.

१९ एप्रिल

धानोऱ्याचे मोर बघून शेजारच्या तीन गावांनी बोलावलं. सगळी माझीच घरं. साहजिक आहे, भिंत मीच घासून गुळगुळीत केलेली, मालक ओळखीचे, शिडी कुठे लावायची ते मला झोपेतही कळतं. तीन दिवसांत सात. एका घरी नवरदेव बँकेत आहे म्हणून हत्तीच्या पाठीवर छत्री काढायला लावली. एका घरी आजोबा म्हणाले, मोर नको, ट्रॅक्टर काढ. काढला.

अण्णांकडे जायचं होतं. जमलं नाही.

२३ एप्रिल

ऑफिसला गेलेलं रजिस्टर परत आलं. "निघून गेले" असा शेरा. दुसऱ्याचं काही नाही. ते दोन्ही पत्रांचे पैसे मी चहात उडवले असते तर निदान चहा झाला असता.

रात्री जेवताना भाईला सांगून टाकलं की सुरतचे पैसे आता येत नाहीत. वाटलं चिडेल. त्यानं ताटातली डाळ पोळीनं पुसून घेतली आणि म्हणाला, मालूम है. मग म्हणाला, "तूने काम तो पूरा किया था ना?" मी म्हणालो हो, चोपन्न. "बस," म्हणाला आणि हात धुवायला उठला. अम्मी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं सुटलो. पण नंतर झोप आली नाही, आणि का ते कळलं नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

२७ एप्रिल

लग्नघरांचे दोन हजार घेऊन वाहिदचाचांकडे गेलो. म्हटलं निदान सुरुवात. चाचांनी नोटा परत माझ्या हातात ठेवल्या, म्हणाले रहने दे, चुना-रंग घे त्याचा, आता हंगाम आहे तुझा. ईद होऊन महिना झाला तरी माणूस मऊच आहे. हे भाईला सांगितलं तर भाई म्हणाला, चाचा अच्छे आदमी हैं.

मी पिवळ्याचे दोन डबे घेतले.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गावोगाव झाडांना झोके बांधलेत, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणतायत, आणि लग्नं तर एका दिवसात इतकी की वाजंत्रीवाले ह्या मांडवातून त्या मांडवात पळतायत. मी सकाळपासून चार लग्नघरांची दारं रंगवून पूर्ण केली. बोटांची कातडी चुन्यानं गेली.

संध्याकाळी धानोऱ्याच्या रस्त्यावर भाईची मोटरसायकल दिसली. मागे दूध-कॅन, पुढे एक अनोळखी माणूस. टाकीवर मी काढलेला चंद्र, त्याशिवाय ओळखलीच नसती. मेकॅनिक लोकांना गाडी फिरवायला देतो! घरी येऊन मी एवढा तापलो की अम्मी उठून बसली. भाई म्हणाला, ट्रायल घेत असेल. दूध-कॅन लावून ट्रायल? मी उद्याच गॅरेजला जाणार होतो, पण भाभीनं पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला, "नहीं जाना तुमको कहीं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, कांद्याचं आहे. चुलीवर भात होता.

३ मे, शनिवार

वाटेत अण्णांनी अडवलं. किती सह्या झाल्या? मी म्हणालो, सह्या नाही, दारं एक्केचाळीस झाली. कसली दारं? सांगितलं. कोणत्या भिंती? सांगितलं.

अण्णांनी लिहिता लिहिता हात थांबवला. समोर एक म्हातारी अंगठा द्यायला बसली होती, तिचा शाईचा अंगठा हवेतच राहिला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, उरल्या किती? मी हिशोब केला, तेरा. पाच नवापूरच्या कोंबड्यांच्या शेडवर, तिथे कोण लग्न लावणार. एक तोरणमाळला, वरती. बाकी लांबच्या. मी त्यांना चुन्याखालचं सांगितलं, खरवडता येईल ते. अण्णा म्हणाले, "गणपती खरवडशी?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"जाऊ दे," ते म्हणाले, "आते कोन येस." आणि म्हातारीचा अंगठा कागदावर दाबला.

दिवसभर नीट काम झालं नाही. दोन मोर बिघडले. एकाची मान बदकासारखी आली, घरवाले म्हणाले चालेल. संध्याकाळी गच्चीवर बसून चोपन्न नावांची यादी वहीत पुन्हा उतरवली आणि झाकल्या गेल्या त्यांच्यावर एकेक रेघ मारत गेलो. रेघा मारताना प्रत्येक घर आठवत होतं, कुठे ताक दिलं, कुठे कुत्रं चावायला आलं. पान काळं झालं.

४ मे

सकाळी नऊ. गच्चीवर लिहितोय, घाईत.

खाली रिक्षातून एक म्हातारा उतरला. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं कोणाचा तरी पाहुणा, पत्ता चुकला. तो अण्णांच्या पत्राची घडी उलगडून भाभीला माझं नाव विचारतोय. सौराष्ट्रातून दोन गाड्या बदलून आलाय. शेठ. भाभीनं पाणी दिलं, ते तो उभ्यानंच प्यायला आणि त्यानं इथवर ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, त्याला बहुतेक कमी ऐकू येतं:

"बेटों का बेटे जाने. दीवार पे नाम मेरा है. जितनी दीवार अपनी आंख से देखूंगा, उतना पैसा अभी हाथ में."

अम्मी रडतेय. अकीलभाई घाईनं शेजाऱ्यांची मोटरसायकल मागायला गेलाय. भाभी जिन्याखालून मला हाका मारतेय, लवकर ये, शेठना आधी धानोऱ्याला जायचंय, यादीत पहिलं नाव तेच आहे.